रथाची वाट आणि पायांची वाट

शहरांविषयीच्या वाङ्मयाची चर्चा निघाली म्हणजे अलीकडे 'मनोभूगोल' अशा अर्थाचा एक पाश्चात्य शब्द पुढे केला जातो, आणि तो उच्चारला की पुढे विचार करण्याची जबाबदारी संपली असा समज दिसतो. हा शब्द पॅरिसमधील गी दबोर ह्या विचारवंताने १९५५ साली छापील चर्चेत आणला. मनुष्य ज्या जागेत वावरतो त्या जागेच्या घडणीचा त्याच्या भावनांवर व वागण्यावर नेमका कोणता परिणाम होतो ते शोधून काढावे, असा त्याचा आशय. पुढल्याच वर्षी दबोरने त्यासाठी एक रीतही सांगितली. नेहमीची कामे व नेहमीचे रस्ते काही काळ बाजूला ठेवावेत, नगर ज्या दिशेने ओढील त्या दिशेने चालत जावे, आणि कोठे मन उल्हसित होते, कोठे दबते, कोणत्या कोपऱ्यावर पाऊल आपोआप मागे फिरते ह्याची नोंद करावी. कल्पना मनोवेधक आहे ह्यात वाद नाही. ती परकी म्हणून तिला नाके मुरडणारांपैकी आम्ही नाही. आमची तक्रार इतकीच, की ती आपल्याकडच्या एखाद्या गावात पायी चालून कोणी पारखून पाहिलेली नाही. ती पारख हुमनाबादसारख्या ठिकाणी करावी, आणि ती करताना आपल्या भाषेत ह्या विषयावर आधी काय होऊन गेले आहे तेही तपासावे, असा आमचा बेत आहे.

प्रथम शब्दांचीच झडती घेऊ. मराठीत सहेतुक चालण्याला केवढे वैभव आहे! वारी, यात्रा, परिक्रमा, प्रदक्षिणा, दिंडी, पदयात्रा ह्या शब्दांना नुसता उच्चार होताच गंधफूल चढते. निर्हेतुक चालण्याच्या वाट्याला मात्र भटकणे, उंडारणे, उकिरडे फुंकणे असे शब्द आले. आणि बाई विनाकारण चालली तर तिच्यासाठी 'भटकभवानी' हा शब्द आम्ही राखून ठेवला. कोंकणीतला 'भोंवप' हा शब्द त्या मानाने निर्मळ आहे. 'भोंवडी' म्हटले तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ज्या भाषेत कामाशिवाय चालणे हाच दोष ठरतो, त्या भाषेत नगराचा आस्वाद घेणारे गद्य उशिरा व चोरपावलांनी यावे ह्यात नवल ते कोणते?

तरी ते आले, आणि आले तेही फार मोठ्या थाटाने. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसच्या एका वृत्तपत्रात बोदलेरचा आधुनिक जीवनाच्या चित्रकारावरील प्रबंध छापून येत होता. गर्दीत मिसळूनही गर्दीचा न होणारा, रस्त्यालाच आपले घर मानणारा जो हिंडफिऱ्या रसिक पुढे साऱ्या युरोपच्या समीक्षेत गाजला, त्याचे ते प्रसिद्ध चित्र. हा योगायोग आमच्या टीकाकारांच्या नजरेस फारसा पडलेला नाही. दोन्ही नगरे त्या घडीला मोडून पुन्हा उभी राहत होती. पॅरिसचे जुने मोहल्ले ओस्मान ह्या अधिकाऱ्याच्या हुकमाने भुईसपाट होत होते, आणि मुंबईच्या कोटाची भिंत बार्टल फ्रियर ह्या गव्हर्नराच्या कारकीर्दीत पाडली जात होती. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत धो धो वाहत होता. अशा वेळी एकाने आपल्या मनाकडे पाहिले, दुसऱ्याने बाजाराकडे.

'मुंबईचे वर्णन' म्हणजे गॅझेटियराची मराठी आवृत्ती असे म्हणणारे विद्वान आम्हांस भेटले आहेत. त्यांनी पुस्तक चाळले असेल; वाचलेले नाही. देवळे, तळी, बाजार, उत्सव, जातीजमाती, गोदी, गिरण्या हे सारे माडगांवकर मोजतात हे खरे. परंतु ते मोजणे हाच त्यांचा भाव आहे. उद्या जे राहणार नाही ते आज मोजून ठेवावे, ही तळमळ त्या याद्यांच्या मागे आहे. आडनावातच गोमंतकाचे नाते सांगणाऱ्या ह्या ग्रंथकाराने मुंबईकडे पाहुण्याच्या कुतूहलाने व घरच्या माणसाच्या काळजीने एकाच वेळी पाहिले. बोदलेरचा रसिक कोणाचेही देणे लागत नाही. माडगांवकर प्रत्येक गल्लीचे देणे लागतात. पहिल्याची वृत्ती आम्हांस अधिक काव्यमय वाटते, दुसऱ्याची अधिक विश्वसनीय. मुंबईबाहेरच्या एखाद्या गावाविषयी लिहावयाचे झाल्यास कोणता आदर्श पुढे ठेवावा, हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला आहे.

परंतु माडगांवकरांच्याही मागे पाच शतके जावे लागते. नगराच्या मनोभूगोलाचे मराठीतील सर्वांत विलक्षण पुस्तक नव्या काळाचे नव्हेच. ते महानुभावांची 'स्थानपोथी' होय. परंपरेने मुनिव्यासांच्या नावावर असलेली ही चौदाव्या शतकातील पोथी विष्णु भिकाजी कोलते ह्यांनी संपादून अभ्यासकांच्या हाती दिली. तिचा विषय एकच: श्रीचक्रधरस्वामी पायी हिंडत असता कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या बाजूस राहिले, बसले, निजले. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, गावाच्या कोणत्या अंगास, नदीपासून कोठे, असा सगळा तपशील कोरड्या, तुटक वाक्यांत येतो. अवस्थान कोठे, आसन कोठे, वसती कोठे हे तर आहेच. परिश्रयाची, म्हणजे देहधर्माला बसण्याची, जागाही सांगण्यास पोथीकार संकोचत नाही. आजच्या वाचकाला प्रथम हसू येईल. थोडे थांबून विचार केला तर हसू मावळते. ज्याच्यावर जीव आहे त्याचे पाऊल जेथे पडले ती प्रत्येक जागा सारखीच मोलाची, हा सिद्धांत त्या पोथीने शेवटपर्यंत, कोणतीही सवलत न घेता, पाळला आहे. भावनेचा एकही शब्द न वापरता भावनेचा एवढा तपशीलवार नकाशा दुसऱ्या कोणी काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पॅरिसच्या मंडळींनी नकाशे फाडून त्यांचे तुकडे बाणांनी जोडले. पोथीकाराने नुसत्या दिशा सांगितल्या आणि वाचकाला चालावयास लावले. भाविक ती हाती घेऊन त्या त्या ठिकाणी जातो व ओट्याला नमस्कार करतो. वाचन आणि चालणे येथे एकच क्रिया होते.

ह्या परंपरेत आमच्या विषयाच्या मुळाशी जाणारा आणखी एक धागा आहे. चक्रधरांनी अनुयायांना महाराष्ट्रात राहण्यास सांगितले आणि कानड व तेलंग देशांत जाऊ नये असे बजावले. कारण ते देश विषयबहुल, तेथे मन गुंतते. देश मनाला घडवतो, जागा वृत्ती पालटते, हा विचार मराठीत तेराव्या शतकापासून आहे असा ह्याचा स्पष्ट अर्थ. पण त्याचा दुसरा अर्थ हुमनाबादच्या माणसाला झोंबणारा आहे. निषिद्ध ठरलेले ते दोन्ही देश जेथे मराठी मुलखाला येऊन मिळतात, तेथेच हे गाव वसले आहे. मराठी मनाचा पहिला नकाशा ज्या कडेवर येऊन थांबला, ती कड म्हणजे आमचे हे गाव! आणि पुढल्या मराठी लेखकांनी, कोणाच्याही आज्ञेवाचून, तोच निर्बंध पाळला असे दिसते. मुंबई लिहिली गेली, पुणे लिहिले गेले, पंढरी तर अखंड लिहिली जात आहे. बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यातली गावे मराठीत आली ती बहुधा संतचरित्रांत नाही तर १९५६ च्या प्रांतरचनेच्या वादात. गाव म्हणून, चालावयाची जागा म्हणून, ती आली नाहीत.

वास्तविक पायी पाहण्यास हुमनाबादइतके फलदायी गाव ह्या भागात थोडे. पुण्या-सोलापुराकडून हैदराबादेस जाणारा हमरस्ता आणि बिदर-कलबुर्गीचा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. पुढे लोहमार्गही आला. बिदर-कलबुर्गी मार्ग २०१७ साली पूर्ण झाला. चव्हाट्यावरच्या गावाला जो एक उतावळेपणा असतो तो नाक्यावर उभे राहिल्यास अंगाला जाणवतो: सर्वांना दुसरीकडे जावयाचे आहे. तेथून वीरभद्रेश्वराच्या देवळाकडे वळले की चाल आपसूक मंदावते. दुकानांच्या पाट्या कानडी, भाव विचारणे दखनीत, घरातली हाक मराठीत. माणूस दहा पावलांत तीन भाषा बदलतो आणि बदलल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही. तुरीच्या व ज्वारीच्या पोत्यांचा वास आहे. पायाखाली कोठे बिदरच्या पठाराचा तांबडा जांभा, कोठे शहाबादी फरशी. जांभ्यावर पाऊल रुतल्यासारखे वाटते, फरशीवर ते वाजते. ही बारीक गोष्ट मोटारीत बसणाराला कळणे नाही.

मग गाव संपते आणि सुमारे कोसभराची ती वाट लागते जिच्यासाठी आम्ही हे सारे लिहीत आहो. वाटेच्या टोकाला माणिकनगर आहे. कल्याणजवळ लाडवंती येथे १८१७ साली दत्तजयंतीस जन्मलेल्या माणिकप्रभूंनी गुरुगंगा व विरजा ह्यांच्या संगमावर हे स्थान वसवले. १८६५ साली त्यांनी येथेच समाधी घेतली. प्रभूंची पदरचना मराठीत आहे, कानडीत आहे, हिंदुस्थानीत आहे. सर्व मतांना एका छत्राखाली घेणारा त्यांचा सकलमत संप्रदाय. हुमनाबाद हे आपोआप वाढलेले बाजाराचे गाव, तर माणिकनगर एका पुरुषाच्या संकल्पातून उठलेले. एकात रस्ते देवळाला बगल देऊन बाजाराकडे धावतात, दुसऱ्यात साऱ्या वाटा समाधीकडे वळतात. दोन गावांची प्रकृती इतकी भिन्न, आणि अंतर इतके थोडके. ते अंतर पायी तोडणाऱ्याच्या मनात जे घडते तेच ह्या क्षेत्राचे खरे प्रवेशद्वार, असे आमचे मत आहे. नाक्याचा कोलाहल प्रथम कानांतून जातो, मग डोक्यातून. बाजारात अर्धवट राहिलेला हिशेब काही पावले बरोबर येतो, मग तोही मागे राहतो. माणूस दारी पोचतो तेव्हा रिकामा झालेला असतो. आज दत्तजयंतीच्या दरबाराला दूरदूरची मंडळी हमरस्त्याने गाडीत बसून थेट दाराशी उतरतात. त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यांनी पाहिलेले माणिकनगर हे हुमनाबादशिवायचे माणिकनगर आहे, म्हणजे अर्धेच आहे.

ह्या कसोटीवर अर्वाचीन मराठी लेखन घासून पाहिले तर काय दिसते? दि. बा. मोकाशी ह्यांनी १९६१ साली पालखीबरोबर चालून 'पालखी' लिहिली, ती १९६४ साली आली. निःसंशय उत्तम पुस्तक. पाय दुखू लागले की श्रद्धेविषयीचे विचार कसे पालटतात, हे इतक्या सचोटीने फारच थोड्यांनी सांगितले असेल. परंतु मोकाशींचे मन वाटेवर व वाटसरूंवर जडलेले आहे. मधली गावे त्यांच्या लेखी मुक्काम आहेत. इरावती कर्वे ह्यांचा 'वाटचाल' हा लेख आकाराने लहान, पण दृष्टीने अधिक धारदार. एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या दिंड्या जातीजातीने वेगळ्या चालतात, वेगळ्या जेवतात, हे त्यांनी पाहिले आणि ते मनाला लागल्याचे लपवले नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'पैस' स्थळांविषयीच्या मराठी चिंतनाचे शिखर मानले जाते व ते योग्यच आहे. मात्र दुर्गाबाईंच्या स्थळांत काळाची खोली जितकी आहे तितका आजचा रस्ता नाही. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'तला प्रवासी तर एस.टी.ने क्षेत्री येतो आणि परत निघताना रेल्वे स्थानकावर रखडतो. त्याची थट्टा अनेकांना पाखंडी वाटली. आम्हांस ती प्रामाणिक वाटते. गाडीतून उतरून थेट देवापुढे उभ्या राहणाऱ्या मनाला जसे दिसेल तसेच त्याने सांगितले आहे. दोष असेल तर तो नजरेचा कमी, वाटेचा अधिक.

येथवर वाचकांपैकी अनेकांनी मान डोलावली असेल. आता जरा अवघड जागी येतो. चालणे सर्वांना सारखे मोकळे असते काय? दबोरच्या आधी तीन वर्षे, १९५२ साली, शोंबार द लोव ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पॅरिसमधील एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या हालचाली नकाशावर आखल्या होत्या. एवढ्या थोर नगरात तिचे जीवन एका लहानशा त्रिकोणात सामावले: घर, विद्यालय, पियानो शिकवणाऱ्या शिक्षकाचे घर. दबोरला तो नकाशा पाहून संताप आला. आमच्याकडच्या किती सुनांचे किती वर्षांचे नकाशे काढले तर तेवढा तरी त्रिकोण भरेल? घर, पाणी, देऊळ. आणि देऊळ हा त्यातला एकच कोन असा, की जेथे जाण्याचे कारण कोणाला सांगावे लागत नाही. मुंबईच्या बायकांना रस्त्यावर विनाकारण रेंगाळण्याचा अधिकार का नसावा, असा प्रश्न विचारणारे शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे ह्यांचे इंग्रजी पुस्तक २०११ साली निघाले. त्याचे नाव ऐकूनच कित्येकांनी ते मिटले. परंतु प्रदक्षिणा म्हणजे आमच्या बायकांना समाजाने मान्य केलेली एकमेव भटकंती होती, हे एकदा मनात आणून पाहावे. मग तिच्यातली फेऱ्यांची संख्या वाढविण्याची त्यांची हौस निराळी दिसू लागते.

दुसरी गोष्ट रथाची. हुमनाबादेस वीरभद्रेश्वराची जत्रा जानेवारीत भरते, रथ निघतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील आमच्या कोंकणी वाचकांस रथबीदी म्हणजे काय हे सांगावयास नको; मंगळुरात वेंकटरमण देवळापुढच्या रस्त्याचे ते नावच आहे. देव वर्षातून एकदा ज्या रस्त्याने जातो तो गावाचा राजरस्ता ठरतो. त्या रस्त्यावर ज्याचे घर त्याच्या दारापुढे सडा, रांगोळी, आणि दूरवरून आलेले पाहुणे. लहानपणी दारातून रथ पाहिलेला माणूस जन्मभर त्या गावाचा असतो. ही नगराने माणसाला दिलेली केवढी मोठी भावना! पण रथाला अरुंद गल्ली चालत नाही, आणि आमच्या गावांतल्या गल्ल्यांची रुंदी केवळ भूमितीने ठरलेली नाही. जेथे देव कधी गेला नाही तेथील मुलाने रथ पाहिला तो दुसऱ्याच्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या ओट्याखाली उभे राहून. पंढरीच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, ती पायरीजवळ, आत नव्हे. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. मनोभूगोलाची चर्चा करणारे लेखक गावातल्या उदास कोपऱ्यांचे सौंदर्य वर्णितात. ते कोपरे उदास कोणी केले, हे विचारणे त्यांच्या रसिकतेत बसत नाही. आमच्या देवस्थानांच्या स्मरणिकाही रथाचा मार्ग भक्तिभावाने छापतात. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे त्यांनी कधी छापले?

येथून जवळच, बाराव्या शतकातील कल्याणात, बसवण्णा व त्यांच्या शरणांनी स्थावरापेक्षा जंगमाला, म्हणजे उभ्या देवळापेक्षा चालत्या माणसाला, मोठेपण दिले होते. हुमनाबादच्या वाटांवर हा विचार परका नाही. तो ह्याच मातीतला आहे. गोमंतकीयांना तर स्थावर जंगम कसे होते ह्याचा कडू अनुभव आहे. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास न्यावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. देव गेला, पण जुन्या गावाचे नाव लोकांनी सोडले नाही. चार शतकांनंतरही कुळाचे मूळ सांगताना तेच गाव ओठांवर येते. रिकाम्या झालेल्या जागेवर मन कसे खिळून राहते, ह्याचे ह्याहून ठसठशीत उदाहरण पॅरिसच्या कोणत्याही नकाशात मिळावयाचे नाही. आणि तरीही कुशस्थळी ते मंगेशी ही वाट पायी चालून लिहिलेले पुस्तक, मराठीत वा कोंकणीत, आमच्या हाती आलेले नाही.

तेव्हा 'शहराने भावना घडवल्या' असे मोघम लिहिणे आता पुरे झाले. हुमनाबादची स्थानपोथी लिहिली जावी, असे आम्ही सुचवतो. ती मराठीत असावी, आणि कानडी व दखनी नावे जशीच्या तशी ठेवावीत. तिला कवी नको. माडगांवकरांची मोजण्याची चिकाटी असलेला एखादा शिक्षक पुरे. माणिकनगरात अंध मुलांची निवासी शाळा आहे. त्या मुलांना वाट विचारावी. फरशी कोठे संपते, उतार कोठे लागतो, नदीचा गारवा किती पावलांवर भेटतो, हे त्यांच्याइतके नेमके दुसरा कोणी सांगू शकेल असे वाटत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारावे की लग्न होऊन आल्यावर एकट्याने त्या प्रथम कोठवर चालत गेल्या, आणि कोणत्या वळणावरून परत फिरल्या. रथाची वाट एका शाईने लिहावी आणि रथ न गेलेल्या गल्ल्या, नावानिशी, दुसऱ्या शाईने. वीरभद्राचे दार कोणत्या दिशेस, तेथून नाका किती, नाक्यापासून संगम किती, आणि पायी येणारा माणूस वहाणा दारापाशी काढतो की त्याच्या बऱ्याच आधी, झाडाखाली, हेही त्यात असावे.